पनवेलला गाडी खुळखुळते!

पनवेल पाहायला म्हणून कोणी मुद्दाम पनवेलला गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पनवेलला माणूस थांबतो. पुण्याला जाणारा थांबतो, गोव्याला जाणारा थांबतो, अलिबागच्या बाजूला जाणाराही थांबतो. चहा पितो, बटाटेवडा खातो, पोराला पाण्याची बाटली घेऊन देतो आणि पुढल्या मुक्कामाचा विचार करीत निघून जातो. पनवेलकरांना याचा विषाद वाटत असेल अशी माझी पूर्वी समजूत होती. तसा तो त्यांना वाटत नाही. ज्या गावाच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या सारा मुलूख थांबून पुढे गेला, त्याला पाहुण्याने आपल्याकडे निरखून पाहावे अशी हौस उरत नाही. उलट गावच पाहुण्याला निरखून पाहते. विशेषतः पाहुण्याच्या वाहनाला!

हे थांबणे मोटारीच्या फार आधीचे आहे. आगगाडी येण्यापूर्वी मुंबईच्या माणसाला पुणे गाठायचे तर तो होडीत बसून खाडीने पनवेलच्या बंदरात उतरे आणि तेथून मेण्यात, तट्टावर नाहीतर गाडीत बसून घाटाची वाट धरी. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम याने बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला आणि देशावरच्या बैलगाड्यांना पनवेलचे बंदर जवळ झाले. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात पनवेलविषयी एक मजेदार नोंद आहे. गावातला मुख्य धंदा म्हणजे बैलगाडीची चाके बनविण्याचा, आणि देशावरचा ज्या गाडीवानाला परवडेल तो परत जाताना चाकांचा एक जोड घेऊन जातो, अशा अर्थाची. कोल्हापूरच्या वहाणांचे, सावंतवाडीच्या खेळण्यांचे आपण एवढे कौतुक करतो. पनवेलच्या चाकाचे कौतुक करणारा मला अद्याप भेटलेला नाही. हा धंदा येथेच का भरभराटला याचे गूढ कारण शोधायला नको. सबंध घाट उतरून चाक जेथे खिळखिळे होऊन पोहोचते तेथेच नवे चाक खपणार, असा आपला माझा साधा तर्क आहे.

बाकी पनवेलकर अभिमानाने सांगतात त्या गोष्टी वेगळ्या. नगरपालिका १८५२ सालची. धूतपापेश्वरचा औषधांचा कारखाना १८७२ सालचा. वासुदेव बळवंत फडके जवळच्याच शिरढोणचे. आणि तळी! वडाळे, कृष्णाळे, विश्राळे अशी नावे ऐकली की ही एका आईच्या मुलींची असावीत असे वाटते. आता नगरपालिकेची महानगरपालिका झाली (तीही २०१६ साली), लोकल गाड्या धावू लागल्या, आणि २०२५ साली शेजारी विमानतळाचे उद्घाटन झाले. एवढे सगळे आले, पण बंदरावरून घाटाकडे जाणाऱ्या वाटेवरची ती जुनी जमात हटलेली नाही. पूर्वी ते चाके करीत, आज ते गाड्या दुरुस्त करतात.

वाशीचा पूल १९७३ साली झाला. त्याआधी मोटारी ठाणे, मुंब्रा, शीळ असा वळसा घालून पनवेलला येत, तोवर इंजिन तापलेले आणि चालकही तापलेला असे. पुढे घाट. म्हणून पनवेलला बॉनेट उघडून पाणी घालायचे, ब्रेक पाहायचे, 'कसलासा आवाज येतोय हो' असे मिस्त्रीला सांगायचे, हा शिरस्ताच होता. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि कळंबोलीहून निघालेली गाडी पनवेलकडे न बघता सुसाट लोणावळ्याला पोहोचू लागली. नव्या गाड्या आवाज करीत नाहीत आणि केला तरी काचा लावून आत गाणी चाललेली असतात. तेव्हा आवाज ऐकणारे मिस्त्री पनवेलमध्ये किती उरले असतील याची मला शंकाच होती. ती ज्या गाडीने फेडली तिची हकीकत आता सांगतो.

ही गाडी माझ्या मामांची. १९४९ सालची एम. जी., मॉडेल टी. सी. एम. जी. म्हणजे 'मॉरिस गॅरेजेस', विलायतेतल्या ऑक्सफर्डच्या एका मोटारवाल्या पेढीच्या नावाची आद्याक्षरे. आज याच नावाच्या गाड्या गुजरातेत हलोलला तयार होतात, पण त्यांचा आणि या गाडीचा संबंध आडनावापुरताच. टी. सी. ही दोघांची गाडी. तिसऱ्याला जागा नाही आणि सामानाला तर मुळीच नाही. इंजिन साडेबाराशे सी. सी.चे, त्यावर दोन कार्बुरेटर. पत्र्याच्या आत अॅश लाकडाचा सांगाडा. मागे पेट्रोलची चपटी टाकी आणि तिच्या पाठीवर जादा चाक. चाके एकोणीस इंची, सायकलसारखी तारांची, एकेकाला अठ्ठेचाळीस आरे. अशा सुमारे दहा हजार गाड्या १९४५ ते १९४९ या काळात झाल्या.

या गाडीची एक गंमत सांगितलीच पाहिजे. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा चालकासमोर आहे, पण वेगाचा काटा शेजारी बसणाऱ्यासमोर! म्हणजे आपण किती वेगाने चाललो आहोत हे चालवणाऱ्याने शेजारच्याला विचारायचे. मामी होत्या तोवर हे काम त्यांच्याकडे होते. त्या वेग नेहमी दहाने वाढवून सांगत आणि मामाही ते जाणून त्यांतून दहा वजा करीत. असा त्यांचा संसार.

मामा एक्याऐंशी वर्षांचे. गाडी त्यांनी १९७१ साली जुनी म्हणून घेतली आणि पन्नासाहून अधिक वर्षे स्वतः चालवली. गेल्या पौषात डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितले, "आता हा महिना शेवटचा." मामांनी वाद घातला नाही. पुण्याला राहणाऱ्या नातीला फोन केला आणि सांगितले की गाडी तुझी. मुंबईहून खोपोलीपर्यंत मी आणणार, तिथून घाट तू चढवायचा. नात हौशी. ती आदल्या दिवशीच मुंबईला आली. ठरले असे, की मामा आणि मी टी. सी.त, आणि मागून आमच्या गाडीत ही आणि नात.

आवाजाची तक्रार महिनाभराची होती. खुळखुळ्यात चारदोन खडे असावेत तसा मंद खुळखुळाट, मधूनच 'टिक' असा ठोका. मुंबईतल्या एका गॅरेजने सायलेन्सर आवळून दिला. दुसऱ्याने टॅपेट जुळवले. पैसे दोघांनीही घेतले, आवाज एकानेही घेतला नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या गाडीत आवाज नसेल तरच काळजी करायची, असे म्हणून मामांनी तो सोडून दिला होता. वाशीच्या पुलावर मला तो ऐकू आला. खारघर मागे पडले तेव्हा मामांनाही. कामोठ्यापाशी मामांनी स्वतःहून म्हटले, "पनवेलला दाखवून घेऊ. शिरस्ता आहे."

जुन्या हमरस्त्यावर एका लिंबाच्या झाडाखाली पत्र्याची शेड होती. तेथील मिस्त्री साठीचे, मूळचे जवळच्याच खेड्यातले आगरी. गाडी पाहून ते हरखले नाहीत की फोटो काढायला धावले नाहीत. हात पुसत आले आणि म्हणाले, "आवाज कवा येतो ते तुम्ही सांगा. कुठशी येतो ते मी बघतो."

हे वाक्य मला फार आवडले. आपण डॉक्टरकडे गेलो की 'पोट दुखते' असे न सांगता 'मला पित्त झाले आहे' असे सांगतो. मामांनी तेच सुरू केले. टॅपेटपासून सायलेन्सरपर्यंत सगळी निदाने त्यांनी मिस्त्रीपुढे ठेवली. मिस्त्रींनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि पुन्हा विचारले, "चढावर येतो का? ब्रेक दाबल्यावर येतो का? गाडी उभी असताना?" यांपैकी एकाचेही नक्की उत्तर मामांना देता येईना. महिनाभर ऐकलेल्या आवाजाकडे आपण कसे ऐकत नाही याचा हा नमुना.

पहिली पाळी इंजिनाची. एक हातभर लांबीचा पेचकस घेऊन त्याची मूठ मिस्त्रींनी कानाला लावली आणि टोक इंजिनाच्या अंगावर ठिकठिकाणी टेकवीत गेले. डॉक्टरच्या नळीहून हे साधन कमी नव्हे. लोखंडातून आवाज सरळ कानात येतो. टॅपेटचा शिवणयंत्रासारखा आवाज होता, तो असायचाच. भय असते ते कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचे. ते गेले तर जाड 'ठकठक' येते, इंजिनावर भार पडला की वाढते, आणि तेलाचा दाब उतरतो. येथे तेलाचा काटा जागच्या जागी स्थिर. "इंजन साफ हाय," मिस्त्री म्हणाले. मामांचा चेहरा असा उजळला की मुलगा मॅट्रिक झाल्याची तार आली असावी.

दुसरी पाळी सुट्या सामानाची. हत्यारांची पेटी रिकामी केली. जॅक काढला, तांब्याचा हातोडा काढला, मामांचा थर्मास काढला. बॉनेटच्या कड्या आवळल्या, पुढची काच हलवून पाहिली. लाकडी सांगाड्याची कुरकुर तेवढी ऐकू आली, पण कुरकुर वेगळी आणि खुळखुळ वेगळी. एव्हाना शेडमध्ये आठ-दहा माणसे जमली होती आणि प्रत्येकाचे स्वतंत्र निदान तयार होते. एका रिक्षावाल्याने तर गाडी विकण्याचाच सल्ला दिला.

तिसऱ्या पाळीला मिस्त्री मामांच्या शेजारी बसले आणि गाडी पळस्प्याच्या फाट्यापर्यंत जाऊन आली. आम्ही तिघे चहा घेत उभे. परत आले तेव्हा मिस्त्रींच्या बोलण्यात नेमकेपणा आला होता. गाडी ओढत असली की आवाज नाही. ब्रेक धरला की आवाज नाही. पाय दोन्हींवरून काढून गाडी नुसती वाहू दिली की खुळखुळ सुरू. गिअर काढून टाकला तरी ती चालूच, आणि हँडब्रेक किंचित ओढला की गप्प. शिवाय इंजिनाचे फेरे वाढवले म्हणून तिचा ताल वाढत नाही. चाकाच्या फेऱ्याबरोबर वाढतो. म्हणजे इंजिन सुटले, क्लच सुटला, गिअरपेटी सुटली. चोर मागच्या अंगाला होता.

मग दोन पोरांना गाडी ढकलायला लावली आणि इंजिन बंद ठेवून मिस्त्री मागच्या चाकाशेजारून वाकून चालू लागले, आधी उजवीकडून, मग डावीकडून. डावीकडे ते थांबले. "जॅक लाव."

चाक अधांतरी झाले. हँडब्रेक ओढलेला, म्हणजे चाक हलता कामा नये. मिस्त्रींनी दोन्ही हातांनी धरून ते पुढेमागे केले. ब्रेकचा ड्रम जागचा हलला नाही, पण चाक बोटभर हलले. टिक. टिक. तोच आवाज!

येथे थोडे समजावून सांगितले पाहिजे. आपल्या रोजच्या गाडीचे चाक चार-पाच नटांनी आवळलेले असते. या तारांच्या चाकाला तसे नट नसतात. चाकाच्या तुंब्याला आतून दाते असतात, आणि गाडीच्या आसावर जो हब असतो त्याला बाहेरून. चाक हबवर सरकवायचे, दात्यांत दाते बसवायचे आणि वरून कानांचा एकच मोठा नट तांब्याच्या हातोडीने ठोकून घट्ट करायचा. डाव्या आणि उजव्या बाजूच्या नटांचे आटे उलट असतात. त्यांची अदलाबदल झाली तर ते चालता चालता आपोआप सैल होतात. नट चाकाला धरून ठेवतो, पण चाकाला फिरवण्याचे आणि थांबवण्याचे सगळे काम दाते करतात. ब्रेक ड्रमला थांबवतो, ड्रम हबला, आणि हब त्या दात्यांच्या बळावर चाकाला.

नट काढून चाक ओढले तेव्हा आतून तांबडी भुकटी गळली. लोखंड लोखंडावर घासून झालेला तो गंजाचा चुरा. दात्यांची टोके सपाट असायला हवीत; ती करवतीच्या दात्यांसारखी अणकुचीदार झाली होती. "वंगण कुठाय? तुंब्याला वंगण नाय घातलं कोणी," मिस्त्री म्हणाले. हब म्हणायचे सोडून हा माणूस तुंबा म्हणाला, बैलगाडीचा शब्द! सायलेन्सर आवळणाऱ्याने आणि टॅपेट जुळवणाऱ्याने चाक काढूनच पाहिले नव्हते.

मामांनी जादा चाकाकडे बोट दाखवले. ते फारसे वापरलेले नाही, त्याचे दाते शाबूत असणार, तेच चढवा. कल्पना योग्य होती आणि निदानाची ती उत्तम कसोटीही होती. जादा चाक चढवले, हलवून पाहिले. हालचाल निम्म्याने कमी झाली, पण गेली नाही. म्हणजे चाकाचे दाते झिजले होते तसे हबचेही झिजले होते. नवे चाक त्यावर घातले तर तेही झिजणार.

"मिस्त्री, खोपोली तीसेक किलोमीटर. हळू जाऊ," मामा म्हणाले.

"काका, सपाटीवर मी नाय म्हणत नाय. घाटात दाते सुटले तर?"

पुढचे त्यांनी मामांना सांगितले नाही. नातीला जवळ बोलावून तिचे बोट त्या दात्यांवरून फिरवले. तिला मोटारीचे कळते. मागचे एक चाक हबवर मोकळे फिरू लागले की इंजिनाचा सगळा जोर त्या मोकळ्या बाजूनेच वाया जातो, कारण डिफरन्शियल सोप्या वाटेने जोर पाठवतो. गाडी चढावर अडते. हँडब्रेक मागच्या दोन चाकांचा, त्यांतले एक गेलेले. पायाचा ब्रेक तीन चाकांवर. मागे ट्रकांची रांग. हे सगळे तिच्या तोंडावर उमटलेले मला दिसले.

"आजोबा, आज नको," ती म्हणाली.

मामा काही बोलले नाहीत. आज नको म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणालाच कळले नसेल. हब विलायतेहून मागवायचे. या गाडीचे भाग तेथे अजून तयार होतात, पण ते येईपर्यंत डॉक्टरांनी दिलेला महिना कधीच संपलेला असणार. मामांचे गाडी चालवणे पळस्प्याच्या फाट्यावरून परत येताना संपले होते, आणि त्या वेळी शेजारी बसले होते ते एक अनोळखी मिस्त्री. मामांनी किल्ली शेडमधल्या खिळ्याला अडकवली. अडकवताना ती दोनदा खाली पडली.

दुपारी आम्ही वडाळे तळ्यापाशी बसलो. पाण्यावर उन्हाची तिरीप होती. हिने डब्यातल्या पुऱ्या वाढल्या. मामांनी दोन खाल्ल्या, मग म्हणाले, "सायलेन्सर म्हणे!" आणि एकदम हसू लागले. मला त्या हसण्याने बरे वाटले.

मोठ्या आवाजांनी माणूस घाबरतो. सायलेन्सर फुटला की सारी आळी गोळा होते, आणि त्यात जीव जाण्यासारखे काही नसते. ही टिकटिक कोणालाच भीतिदायक वाटली नव्हती. चांगला मिस्त्री दोन्ही आवाज सारख्याच गांभीर्याने ऐकतो. पनवेलचे मिस्त्री पुढे घाट आहे हे ध्यानात ठेवूनही ऐकतात, एवढे जास्त.

हब आणि चाके यायला दोन महिने लागले, त्यांतले काही दिवस जकातीच्या कागदपत्रांत गेले. मिस्त्रींनी मागच्या दोन्ही बाजू बदलल्या. एकच बदलायला ते तयार झाले नाहीत. दात्यांना हाताने वंगण फासले आणि दरवर्षी चाके काढून पुन्हा फासायचे, असे नातीकडून तीनदा वदवून घेतले. मजुरी त्यांनी इतकी कमी सांगितली की मामांनी घासाघीस उलट्या दिशेने केली.

होळीनंतरच्या रविवारी गाडी निघाली. शेडुंग, चौक, खालापूर अशी जुन्या रस्त्यानेच. आम्ही दोघे मागच्या गाडीत. खोपोली सोडून घाट लागल्यावर शिंगरोबाच्या देवळापाशी नातीने गाडी बाजूला घेतली. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, असे सांगतात. त्याला नाणे वाहिल्याशिवाय जुने ड्रायव्हर पुढे जात नसत. मामा उतरले, नाणे वाहिले, डाव्या मागच्या चाकाला हात लावून पाहिला आणि पुन्हा शेजारच्या आसनावर जाऊन बसले. वेगाचा काटा आता त्यांच्यासमोर होता. चढण सुरू झाली तशी नातीने ओरडून विचारले, "आजोबा, किती?"

उघड्या गाडीतून मामांचा आवाज आम्हाला मागे स्पष्ट ऐकू आला. ही माझ्याकडे पाहून म्हणाली, "दहाने वाढवून सांगताहेत."